तीन सेंटिमीटरांची जागा

व्यक्तिचित्रे टिपायला नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो निर्दोष दिसतो. तोच फोटो संगणकावर मोठा करून पाहिला की डोळे किंचित धूसर निघतात आणि कानाजवळची बट किंवा शर्टाची कॉलर मात्र धागा न् धागा मोजता यावा इतकी स्वच्छ असते. समोरच्या माणसाचा भाव नेमका पकडलेला असतो, प्रकाशही मनासारखा पडलेला असतो, आणि तरीही पाहणाऱ्याची नजर जिथे सर्वांत आधी जाते तिथेच फोटो निसटलेला असतो. ही निराशा मोठी असते, कारण तो भाव पुन्हा मागून मिळत नाही. या तक्रारीवर मिळणारी उत्तरे बहुधा फार घाईची असतात. फोकस चुकलेला फोटो स्वतःच किती माहिती देत असतो, याकडे शिकणाऱ्याचे लक्ष क्वचितच कुणी वेधते, म्हणून हे लिहावेसे वाटले.

आधी जागेचा हिशेब मांडायला हवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो) ८५ मिलिमीटरची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ १.८ इतके उघडे ठेवले आणि समोरची व्यक्ती दीड मीटरवर बसली असेल, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम तीन सेंटिमीटर भरते. डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर याच्या दुपटीहून अधिक असते. म्हणजे चेहऱ्याचा मोठा भाग गणितानेच धूसर होणार, हे शटर दाबण्याआधीच ठरलेले असते. प्रश्न एवढाच उरतो की ते तीन सेंटिमीटर कुणाच्या वाट्याला यायचे. शिवाय ते डोळ्याच्या पुढे आणि मागे विभागले जातात, त्यामुळे फोकस दीड सेंटिमीटर सरकला तरी डोळा पट्ट्याच्या काठावर जाऊन पोहोचतो. तीच लेन्स, तेच अंतर ठेवून अ‍ॅपर्चर लहान करून एफ ४ केले, तर हा पट्टा सुमारे सात सेंटिमीटरांचा होतो आणि एफ ५.६ ला दहाच्या आसपास जातो. अंतर दुप्पट केले तर खोली जवळजवळ चौपट होते, मात्र चेहरा चौकटीत लहान होतो.

हे आकडे माहीत असूनही नवा माणूस एफ १.८ सोडायला तयार नसतो आणि त्याचे कारण मला मनापासून समजते. पार्श्वभूमी विरघळून गेलेला चेहरा पहिल्यांदा आपल्या हातून उमटतो, तेव्हा छायाचित्रण या शब्दाला अर्थ आल्यासारखे वाटते. तो आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण पार्श्वभूमी विरघळते ती केवळ उघड्या अ‍ॅपर्चरमुळे नव्हे. समोरचा माणूस भिंतीपासून किती पुढे बसला आहे, यावरही ती तितकीच अवलंबून असते. खुर्ची भिंतीला टेकवण्याऐवजी दोन-तीन मीटर पुढे ओढली, तर एफ ४ लाही मागचे सगळे मऊ होते आणि चेहऱ्याला दुपटीहून अधिक जागा मिळते. खुर्ची हलवायला पैसे पडत नाहीत, आणि नव्या लेन्सच्या शोधात असलेल्या माणसाला हा उपाय सुचवला की तो थोडा हिरमुसतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दडलेली आहे. फुल फ्रेमसाठी ‘स्पष्ट’ कशाला म्हणायचे याची जी मर्यादा वापरली जाते ती ०.०३ मिलिमीटरची आहे. एखादा बिंदू सेन्सरवर याहून मोठा पसरला नाही, तर तो डोळ्याला बिंदूच वाटतो. ही मर्यादा ठरली ती साधारण आठ बाय दहा इंचांची छापील प्रत पंचवीस सेंटिमीटरांवर धरून पाहणाऱ्या माणसाच्या नजरेवरून. आज २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००६ मिलिमीटर असते. म्हणजे जुन्या मापाने ‘स्पष्ट’ असलेला बिंदू पाच पिक्सेल व्यापतो, आणि फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून पाहणाऱ्याला तोच बिंदू अस्पष्ट दिसतो. वर सांगितलेले तीन सेंटिमीटर पडद्यावर नाक लावून पाहणाऱ्यासाठी आणखी आकुंचन पावतात. एकाच फोटोविषयी एकजण ‘उत्तम’ म्हणतो आणि दुसरा ‘सॉफ्ट आहे’ म्हणतो, तेव्हा दोघेही प्रामाणिक असू शकतात. ते वेगवेगळ्या अंतरावरून पाहत असतात.

माझ्या परिचयातला एक तरुण गेले काही महिने माझ्याकडे त्याची व्यक्तिचित्रे पाठवतो आहे. पहिल्या वेळी त्याने लिहिले होते, ‘फोकस काही केल्या जमत नाही. मोकळेपणाने सांगा, वाईट वाटून घेणार नाही.’ माझ्याआधी त्याने इतरांनाही फोटो दाखवले होते. कुणी ‘छान’ म्हणाले होते, कुणी ‘सॉफ्ट’ म्हणाले होते आणि एकाने लेन्स बदलण्याचा सल्ला दिला होता. अंग गरम आहे एवढेच सांगून निघून जाणाऱ्या वैद्यासारखे हे अभिप्राय होते. कुणीही त्याला विचारले नव्हते की डोळा धूसर आहे तर मग स्पष्ट काय आहे.

त्यातला एक फोटो मी बराच वेळ पाहिला. खिडकीपाशी बसलेल्या एक वयस्क बाई, मान किंचित कलती, ओठांवर नुकतेच काही बोलून थांबल्याचा भाव. चष्म्याच्या काचेआडचा जवळचा डोळा मऊ होता; पापण्यांचे केस एकमेकांत मिसळले होते आणि बुबुळात पडलेल्या खिडकीच्या प्रतिबिंबाच्या कडा विरल्या होत्या. नाकाचा शेंडा त्याहून अधिक धूसर होता. मात्र कानशिलावरचे पांढरे केस एकेक वेगळे दिसत होते, आणि चष्म्याची काडी कानाकडे जाता जाता एका ठिकाणी इतकी स्वच्छ होत होती की तिच्यावरचा बारीक ओरखडाही दिसावा. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस केला होता, नीट केला होता, फक्त डोळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे. त्या बाईंचे डोळे चौकटीच्या वरच्या कडेजवळ होते. मी त्याला विचारले, ‘मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून मग कॅमेरा खाली वळवतोस का?’ त्याने होकार दिला.

ही सवय अतिशय प्रचलित आहे आणि बऱ्याच वेळा ती खपूनही जाते. कॅमेरा वळवला की फोकसचे प्रतलही (स्पष्ट पट्ट्याच्या मधली सपाट पातळी) त्याच्याबरोबर वळते. डोळा मात्र जागच्या जागी असतो. दीड मीटरवरच्या डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा १० अंशांनी वळवला, तर ते प्रतल डोळ्याच्या सुमारे २.३ सेंटिमीटर मागे जाते. एफ ८ ला याचा पत्ताही लागत नाही. एफ १.८ ला, आपल्याकडे प्रत्येक बाजूला दीड-दीड सेंटिमीटरच असताना, डोळा पट्ट्याबाहेर पडतो आणि कानशील आत येते. चौकट ४ अंशांनीच हलवली असती, तर चूक ४ मिलिमीटरांच्या आत राहिली असती. म्हणून ही पद्धत सरसकट वाईट ठरवण्यापेक्षा किती वळवतो आहोत याचे भान ठेवणे मला योग्य वाटते. चौकट आधी ठरवावी, फोकसचा बिंदू बोटाने डोळ्यावर नेऊन ठेवावा आणि मग शटर दाबावे, हा क्रम सुरुवातीला संथ वाटतो, पण थोड्या सरावाने अंगवळणी पडतो.

मात्र सगळे अस्पष्ट फोटो असे नसतात, आणि इथेच शिकणाऱ्याने स्वतःच्या फोटोंजवळ थोडे थांबायला हवे. फोटोत कुठेतरी, कॉलरवर, केसांत, खुर्चीच्या पाठीवर, एखादी स्वच्छ जागा सापडली तर फोकस दुसरीकडे पडला आहे. कुठेच स्वच्छ जागा नसेल आणि डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका एका दिशेने ताणला गेलेला किंवा दुहेरी दिसत असेल, तर कॅमेरा धरणारा हात हलला आहे किंवा समोरचा माणूस हलला आहे. बसलेल्या माणसाचे हात आणि खुर्ची स्वच्छ, पण चेहरा एका दिशेने ओघळलेला असेल, तर माणूसच हलला. ८५ मिलिमीटरच्या लेन्सला शटरचा वेग निदान १/८५ सेकंद हवा, हा जुना ठोकताळा हाताच्या कंपासाठी आहे. बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसासाठी मी १/२५० च्या खाली जात नाही. लेन्समधली किंवा कॅमेऱ्यातली कंपरोधक यंत्रणा आपला हात सावरते, समोरच्याचे डोके सावरत नाही. घरातल्या मंद उजेडात शटरचा वेग वाढवायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि नवा माणूस फोटोत दाणे येतील या भीतीने तो वाढवत नाही. दाणे असलेला स्पष्ट डोळा मला गुळगुळीत अस्पष्ट डोळ्यापेक्षा केव्हाही चालतो.

उरतो तो शरीराचा प्रश्न, ज्याविषयी फार कमी बोलले जाते. उभा असलेला माणूस स्थिर नसतो. श्वासाबरोबर तो पुढे-मागे डोलतो, आणि समोर बसलेली व्यक्तीही डोलत असते. बोलता बोलता ती सहज पुढे झुकते. फोकस धरल्यापासून शटर उघडेपर्यंतच्या क्षणात हे अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांनी सहज बदलते. फोकस एकदा धरून ठेवण्याची एएफ-एस पद्धत, जिला काही कॅमेऱ्यांत वन शॉट म्हणतात, इथे तोकडी पडते. सतत फोकस करत राहणारी एएफ-सी किंवा सर्वो पद्धत पक्षी आणि खेळाडू यांच्यासाठीच असते, असा अनेकांचा समज आहे, पण उघड्या अ‍ॅपर्चरवर बसलेल्या माणसासाठीही ती उपयोगी पडते. डोळा ओळखणारा ऑटोफोकस असलेल्या नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांनी हे काम पुष्कळ हलके केले आहे. तरीही जाड काड्यांचा चष्मा, चेहऱ्यावर आलेली बट किंवा खोल सावलीतला डोळा समोर आला की तेही कधी पापणीऐवजी चष्म्याच्या कडेवर स्थिरावतात. कॅमेऱ्याला उजेड-अंधारातला ठळक फरक लागतो. सावलीतल्या डोळ्यात तो फरक कमी असतो आणि विणलेल्या स्वेटरमध्ये भरपूर असतो, त्यामुळे बिंदू निवडण्याचे काम कॅमेऱ्यावर सोडले की स्वेटर जिंकतो. यावर सेटिंग बदलण्याइतकाच चांगला उपाय म्हणजे माणसाला उजेडाकडे वळवणे. बुबुळात खिडकी उमटली की डोळा जिवंतही दिसतो आणि कॅमेऱ्यालाही धरायला काही मिळते.

लेन्स किंवा कॅमेरा सदोष असू शकतो, हेही खरे आहे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा भाग तळाशी वेगळा असतो आणि एक छोटा दुय्यम आरसा त्याच्याकडे प्रकाश पोहोचवतो. तो मार्ग आणि सेन्सरचा मार्ग यांत सूक्ष्म तफावत असेल, तर फोकस नेहमी पुढे किंवा नेहमी मागे पडतो. मिररलेसमध्ये मोजणी सेन्सरवरच होत असल्याने हा दोष बहुतांशी उरत नाही. ‘नेहमी’ हा इथला कळीचा भाग आहे. यंत्राची चूक एकाच दिशेने पडते, माणसाची चूक विखुरलेली असते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, तीन पुस्तके तिरप्या रांगेत एकामागे एक उभी करावीत, मधल्याच्या कण्यावरील अक्षरांवर फोकस करून काही फोटो घ्यावेत. प्रत्येक वेळी मागचेच पुस्तक स्वच्छ येत असेल, तर यंत्राकडे बोट दाखवता येते. अनेक डीएसएलआरमध्ये ही तफावत दुरुस्त करण्याची सोय आत दिलेली असते. कधी मधले, कधी पुढचे, असे येत असेल, तर नवी लेन्स घेऊनही काही साधणार नाही. त्या तरुणाने ही चाचणी केली. मधले पुस्तक दर वेळी स्वच्छ आले आणि लेन्ससाठी जमवत असलेले पैसे वाचले.

अभिप्राय मागणे हे कौशल्य आहे आणि तेही शिकावे लागते. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला समोरचा आपल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देतो, फोटोप्रमाणे देत नाही. फोटोबरोबर अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, फोकसची पद्धत आणि माणूस अंदाजे किती अंतरावर होता हे सांगितले, मूळ फाइल शार्पनिंग (संगणकावर कडा ठळक करणे) न करता दिली आणि त्या फोटोच्या आगेमागे घेतलेल्या चार फ्रेमही दाखवल्या, तर पाहणाऱ्याला चूक विखुरलेली आहे की एका दिशेची, हे कळू शकते. निवडून निवडून एकच फोटो पाठवला की ही खूण हरवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला काय हवे होते ते लिहावे. तसे लिहायला बसले की पुष्कळदा लक्षात येते की आपण ते ठरवलेच नव्हते.

अभिप्राय देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. कुणाचे व्यक्तिचित्र समोर आले की मी आधी ते पूर्ण चौकटीत, हाताच्या अंतरावरून पाहतो आणि नजर कुठे जाते ते स्वतःशी नोंदवतो. मोठे करून पाहण्याची पाळी त्यानंतर येते. उलट क्रमाने पाहणारे अनेकजण असतात. ते थेट पापणीवर जातात, पापणी सापडली नाही की निकाल देतात, आणि त्या चेहऱ्यावर काय चालले होते ते त्यांच्या लक्षातच येत नाही. असा निकाल वारंवार ऐकणारा शिकाऊ माणूस हळूहळू शार्प असेल तो फोटो ठेवायला आणि जिवंत असेल तो पुसायला लागतो. फोकस चुकण्यापेक्षा हे मला अधिक घातक वाटते.

या वादाचा इतिहास जुना आहे. कोलकात्यात १८१५ मध्ये जन्मलेल्या ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलगी आणि जावयाकडून पहिला कॅमेरा भेट मिळाला. त्यांच्या व्यक्तिचित्रांवर त्या काळच्या छायाचित्रण-नियतकालिकांनी फोकस नसल्याची कठोर टीका केली. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की फोकस करताना दृश्य सुंदर दिसू लागले की त्या तिथेच थांबत, आणखी स्पष्टतेसाठी लेन्स फिरवत बसत नसत. आणि १८६४ च्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात, योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कुणाला, असा सवाल त्यांनी केला. त्यांच्या काचांना (तेव्हा फिल्मऐवजी काच वापरत) काही मिनिटे उजेड द्यावा लागे, त्यामुळे बसलेल्या माणसाचा श्वासही चित्रात उतरत असे. १८६७ मध्ये त्यांनी घेतलेले हर्शेल यांचे व्यक्तिचित्र पाहावे: अंधारातून उजळून आलेले पांढरे केस आणि त्याखालचे ते थकलेले, जागे डोळे. आजच्या मापाने ते चित्र ‘शार्प’ नाही आणि त्यात काही कमी आहे असे मला कधीही वाटलेले नाही.

पण कॅमेरॉन यांचे उदाहरण ढाल म्हणून पुढे करणाऱ्यांशी माझे जमत नाही. कुठे थांबायचे ते त्या पाहून ठरवत होत्या. कानशिलावर जाऊन पडलेला फोकस कुणीच ठरवलेला नव्हता. त्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंच्या डोळ्यांकडेच तो तरुण पाहत होता, आणि कॅमेऱ्याने त्याला हवे होते ते दिले नाही. त्याला धूसर डोळा हवा असता, तर मी एक अवाक्षर काढले नसते.

फोकसच्या या धडपडीत समोर बसलेल्या माणसाचे काय होते, याचा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. छायाचित्रकार बटणांशी झगडत असतो, मान खाली घालून पडदा तपासत असतो, कपाळाला आठी पडलेली असते. आणि समोरच्याला वाटते की आपलेच काही बिघडले आहे. चेहरा आखडतो, हसू गोठते, आणि मग फोकस लागला तरी टिपायला काही उरत नाही. म्हणून फोकसचा सराव माणूस समोर बसवून करू नये, असे माझे मत आहे. तो कुंडीवर करावा, बाहुलीवर करावा, बिंदू हलवणे आणि अंतर ओळखणे हाताला इतके सवयीचे करावे की माणूस बसल्यावर त्याच्याशी बोलता येईल. दर फोटोनंतर पडदा तपासण्याऐवजी सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेम डोळ्यावर मोठ्या करून पाहाव्यात, खात्री करावी आणि मग तो पडदा विसरावा.

त्या तरुणाने अलीकडे पाठवलेल्या फोटोत एक आजोबा तीन-चतुर्थांश वळून बसले आहेत. जवळचा डोळा मऊ आहे, दूरचा स्वच्छ आहे. सोबत त्याने सगळी आकडेवारी दिली होती आणि लिहिले होते, ‘जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवायचा असतो हे माहीत आहे, पण उजेड दूरच्या डोळ्यात होता आणि ते तिकडेच पाहत होते, म्हणून मुद्दाम तो धरला. पटते का?’ मला ते अर्धेच पटले. मऊ झालेला जवळचा डोळा नजरेच्या वाटेत येतो, असे मी त्याला कळवले. चेहरा असा ४५ अंशांत वळलेला असताना दोन डोळ्यांच्या अंतरांत सुमारे साडेचार सेंटिमीटरांचा फरक पडतो, एफ १.८ च्या तीन सेंटिमीटरांत दोघे मावणार नाहीत, एफ ४ च्या सातमध्ये मावतील, फक्त फोकस दोहोंच्या मधोमध, नाकाच्या मुळापाशी धरावा लागेल. त्याचे म्हणणे असे की एफ ४ ला मागचे पुस्तकांचे कपाट डोकावू लागते आणि ती खोली इतकी लहान आहे की खुर्ची आणखी पुढे ओढता येत नाही. मग कपाटावर गडद चादर टाक आणि आजोबांना त्याच वेळी, त्याच उजेडात पुन्हा बसव, असे मी सुचवले आहे. तो म्हणतो, बसवीन, पण पहिलाच फोटो अधिक खरा आहे. ते तिकडे कुणाकडे पाहत होते, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.